बंदुकीतला गॅस जातो कुठे?

पेंटबॉल म्हटले की शहराबाहेरच्या रिसॉर्टमधली मैदाने आणि मुखवटे घातलेली तरुण मुले डोळ्यांपुढे येतात. ही बंदूक मात्र जन्मली जंगलातल्या कामासाठी. अमेरिकेतल्या नेल्सन पेंट कंपनीने १९७०च्या दशकात ‘नेल-स्पॉट ००७’ नावाची बंदूक आणली, ती झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून रंगाची खूण करता यावी म्हणून. तिच्या साहाय्याने पहिला खेळ झाला तो २७ जून १९८१ रोजी, न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे, बारा जणांत. आलापल्लीच्या सागवानावर आपल्याकडे हातोड्याचा शिक्काच उमटतो, तेव्हा रंगाच्या बंदुकीची इथे गरज पडली नाही. पण तिच्याच जातीची दुसरी बंदूक चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात फार मोलाची आहे: वाघ-बिबट्याला बेशुद्ध करणारी डार्ट सोडणारी. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागांत मिळून तेरा माणसांचे बळी घेणारा ‘सीटी-१’ वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा वनक्षेत्रात पकडला गेला, तो डार्ट मारूनच. काही डार्ट-बंदुका काडतुसावर चालतात, पण कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्याही पुष्कळ आहेत, आणि त्यांचे दुखणे पेंटबॉलच्या बंदुकीसारखेच असते. ‘बंदूक गॅस फार खाते’ ही तक्रार वरवर खर्चाची वाटते. खरे तर ती नेमाची तक्रार आहे, आणि दाब वाढवून ती मिटत नाही, नुसती दडते.

आधी गॅसचा स्वभाव पाहायला हवा. नळकांड्यात कार्बन डायऑक्साइड द्रव आणि वायू अशा दोन्ही रूपांत असतो, आणि आतला दाब ठरतो तो तापमानावर. १० अंश सेल्सिअसला तो वातावरणाच्या सुमारे ४५ पट, २० अंशांना ५७ पट, तर ३० अंशांना ७२ पट असतो. सुमारे ३१ अंशांच्या वर द्रव असा उरतच नाही. मग नळकांडे किती ठासून भरले आहे त्यावर दाब चढत जातो. अहेरी-सिरोंचाकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, उन्हात उभ्या जीपमध्ये त्याहून वर. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे नेमकी चालणारी बंदूक मेच्या दुपारी वेगळीच वागली, तर तो तिचा दोष नव्हे. दुसरी बाजू थंडीची. घरचा गॅस सिलिंडर मोठ्या शेगडीवर सलग चालला की बाहेरून गार पडतो, तसेच भराभर गोळ्या झाडल्या की नळकांडे थंडावते, कारण द्रवाचा वायू होताना उष्णता लागते. दाब पडतो, गोळी जवळ पडते आणि ‘गॅस संपला’ म्हणून अर्धे भरलेले नळकांडे बदलले जाते. म्हणून नळकांड्यावरच्या दाबमापकावर भिस्त ठेवता येत नाही. तापमान तेच असेल तर द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत काटा जवळपास एकाच जागी राहतो. आत किती गॅस उरला हे वजनच सांगते.

वजनाचा काटा हेच या दुरुस्तीतले पहिले हत्यार आहे, असे माझे मत आहे. भरलेले नळकांडे बंदुकीला जोडून तोलावे, रात्रभर सावलीत तसेच ठेवावे आणि सकाळी पुन्हा तोलावे. वजन घटले असेल तर गॅस न झाडताच चालला आहे: गळती. घटले नसेल तर तो प्रत्येक गोळीबरोबर वाजवीपेक्षा जास्त जातो आहे. हे दोन आजार निराळे आहेत आणि बहुतेक फसलेल्या दुरुस्त्या ते एकत्र मानल्यामुळेच फसतात. गळतीसाठी साबणाचा फेस पुरतो. नळकांड्याच्या तोंडाशी बुडबुडे आले तर तिथली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, गेली. घोडा न दाबताच बंदुकीच्या नळीच्या तोंडातून फुसफुस येत असेल, तर आतल्या व्हॉल्व्हचे सील झिजले किंवा त्यावर कण बसला. इथे गॅसचा आणखी एक गुण नडतो: तो साध्या नायट्राइल रबरात मुरतो, रबर फुगते, आणि दाब एकदम सोडला की त्यात फोड येतात. पॉलियुरेथेनच्या कड्या म्हणूनच जास्त टिकतात. कडी कोरडी पडली तरी गळते. पण तिच्यावर हाताला लागेल ते तेल ओतू नये. पेट्रोल वा रॉकेलने पुसलेली सील लवकर निकामी होतात. बंदूक बनवणाऱ्याने सांगितलेल्या तेलाचे दोन-तीन थेंब बस्स.

गळती नसेल तर लक्ष व्हॉल्व्हवर ठोका देणाऱ्या हातोडीकडे आणि नळीकडे वळवावे. हातोडीची स्प्रिंग वाजवीपेक्षा कडक असली की व्हॉल्व्ह गरजेहून जास्त वेळ उघडा राहतो. गोळी नळीबाहेर पडल्यावरही गॅस वाहत राहतो, नुसता आवाज वाढतो. गोळी नळीत सैल बसली तर गॅस तिच्या कडेने निसटतो. पावसाळी दमटपणात पेंटबॉलचे जिलेटिनचे कवच फुगते, तेव्हा उलटी अडचण होते. अशा वेळी सरसकट उपाय होतो तो दाब किंवा स्प्रिंग वाढवण्याचा. पण वेग दहा टक्क्यांनी वाढला की आघाताची ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. मैदानावर सेकंदाला तीनशे फुटांची कमाल मर्यादा पाळतात, ती उगाच नव्हे. डार्टच्या बाबतीत हा हिशोब फारच गंभीर होतो. अंतर आणि डार्टचे वजन पाहून दाब ठरवायचा असतो. कमी पडला तर डार्ट आधीच खाली पडते किंवा कातडीवरून उसळते, जास्त झाला तर ती खोल घुसून स्नायूला, हाडाला इजा करते. बंदूक आतून गळत असेल तर काट्यावर लावलेला दाब आणि डार्टला मिळालेला रेटा एक राहत नाहीत. समोर बिथरलेला वाघ आणि मागे जमलेले गाव असताना ही तफावत कळून उपयोग नाही.

गॅस स्वस्त आहे, एवढी उठाठेव कशाला, असा आक्षेप येईल. गॅस स्वस्त आहे हे मान्य. वाया गेलेली डार्ट आणि त्यानंतर जनावराचा पुन्हा माग काढण्यात गेलेले दिवस स्वस्त नाहीत. बंदूक वर्षातून मोजक्या वेळाच निघते, हा दुसरा आक्षेप तर उलट देखभालीच्याच बाजूने आहे. सील वापराने झिजतात तशी पडून राहूनही ताठरतात, आणि उन्हाळ्याची धूळ, पावसाळ्याची ओल वापराची वाट पाहत नाहीत. अहेरीला रेल्वे नाही, पूर आला की पलीकडच्या भामरागडचा रस्ताही तुटतो. तिथे दहा-वीस रुपयांची कडी ऐनवेळी मागवता येत नाही. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कार्बन डायऑक्साइड सोडून दाबलेली हवा का वापरू नये? हवा द्रव होत नाही, रेग्युलेटरमागे तिचा दाब उन्हा-थंडीत बराच स्थिर राहतो, म्हणून पेंटबॉलच्या मैदानांनी ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. पण तिला फार जास्त दाबाची टाकी आणि ती भरणारा कॉम्प्रेसर लागतो, आणि जंगलात नेता येतील अशी छोटी नळकांडी अजून तरी कार्बन डायऑक्साइडचीच सोयीची पडतात. शिवाय हवेने गळती थांबत नाही. सील तीच, व्हॉल्व्ह तोच. उलट दाब मोठा म्हणून टाकीची ठरलेल्या मुदतीची चाचणी आणखी काटेकोरपणे व्हायला हवी. दाबाखालच्या नळकांड्यांचे नियम पाहणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा विदर्भातल्या वनविभागांना त्याबाबतचा सल्ला दूर नाही. प्रत्येक बंदुकीची एक वही असावी: भरल्यावरचे वजन, रात्रीनंतरचे वजन, तापमान, सील बदलल्याची तारीख, आणि मोहिमेवर निघण्याच्या दिवशी त्याच उन्हात रिकाम्या डार्टने पाटीवर मारलेले दोन नेम.