‘डालडा १३’ नावाच्या बाई

डालडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिवळा डबा येतो आणि त्यावरचं ताडाचं झाड. पण दिल्लीच्या वर्तमानपत्री जगात ‘डालडा १३’ हे चक्क एका बाईंचं टोपणनाव होतं! या बाई म्हणजे होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३चा, तेराव्या वर्षी भावी पतीची भेट आणि पहिल्या मोटारीचा नंबर डी.एल.डी. १३. तेराचा आकडा अशुभ मानणाऱ्या मैत्रिणींनो, ऐकताय ना?

होमाई नवसारीच्या पारशी घरातल्या. शिकल्या मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत. कॅमेरा शिकवला माणेकशॉ व्यारावाला यांनी, पुढे लग्नही त्यांच्याशीच झालं. १९३८ साली महिला क्लबच्या सहलीचे त्यांनी काढलेले फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले. मोबदला, एका फोटोला एक रुपया! त्यानंतरचे बरेच फोटो मात्र छापले गेले माणेकशॉंच्या नावावर. बायकोचे कष्ट आणि नाव नवऱ्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही म्हणा.

१९४२मध्ये ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यातल्या नोकरीमुळे दोघं दिल्लीला गेली, आणि तिथे होमाईंना स्वतःचं क्षेत्र सापडलं. राजधानीतले समारंभ, मेजवान्या, विमानतळावरची स्वागतं. जड कॅमेरा खांद्याला, अंगावर साडी आणि कधी कधी चक्क सायकल! ही बाई कॅमेऱ्याशी नुसती खेळतेय, असंच लोकांना वाटे. त्यामुळे कुणी फारसं अडवत नसे, आणि त्यांना हवा तो क्षण नेमका मिळून जाई. ‘फोटो काढण्यास मनाई’ या पाटीशेजारी उभे असलेले पंडित नेहरू त्यांनी टिपले आहेत, ते बघाच. लाल किल्ल्यावरचं पहिलं झेंडावंदन, माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, १९५६ साली नथुला खिंडीतून आलेले दलाई लामा, सगळीकडे त्या हजर.

एक गोष्ट मात्र हुकली. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. ‘उद्या दोघं मिळून जाऊ’ म्हणून माणेकशॉंनी माघारी बोलावलं. ती सभा गांधीजींची शेवटची ठरली. ही रुखरुख त्यांना जन्मभर लागून राहिली.

१९६९मध्ये माणेकशॉ गेले. पुढच्याच वर्षी होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की, अदब सोडून वागणं त्यांना सहन होईना. मागण्या येत होत्या, पैसाही मिळाला असता. पण ज्या रीतीनं काम केलं ती रीतच उरली नाही तर करायचं कशाला, असा हा बाणा. (आपल्यातल्या किती जणींना हे जमेल?)

नंतर त्या वडोदऱ्याला एकट्याच राहिल्या. बाग, घरातल्या दुरुस्त्या, स्वयंपाक, सगळं स्वतः. २०११ साली पद्मविभूषण मिळालं, तेव्हा वय होतं सत्त्याण्णव. १५ जानेवारी २०१२ रोजी त्या गेल्या. वर्षानुवर्षं त्यांचे फोटो त्यांच्या नावाशिवायच छापले जात होते. आज ते ‘अल्काझी’ संग्रहात जपून ठेवलेले आहेत, खाली त्यांचंच नाव घालून.