वर्गाचे नियम



जून महिना अर्धा झाला की महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा पुन्हा भरू लागतात. विदर्भात ऊन कडक असते, म्हणून तिकडच्या शाळा थोड्या उशिरा उघडतात. वह्यांना कव्हरे चढतात, छत्र्या दुरुस्तीला जातात, मागच्या वर्षीचा गणवेश आखूड झाला की काय हे पाहिले जाते. तुमच्यापैकी पुष्कळांचा धाकटा भाऊ किंवा बहीण प्राथमिक शाळेत असेल. त्यांचा हात धरून त्यांना शाळेत पोचवण्याचे काम बहुधा तुमच्याकडेच येते. पहिल्या दोन-तीन दिवसांत ही मुले घरी येऊन सांगतात, "आज सरांनी नियम सांगितले. वेळेवर यायचे. रोज यायचे. चिठ्ठीशिवाय घरी राहायचे नाही."

हे नियम कशासाठी असतात? ते फक्त मुलांसाठीच असतात का? आज आपण याचा विचार करू. त्यासाठी मी सहा शब्द निवडले आहेत : हजेरी, खुलासा, रजा, दप्तर, तक्रार आणि शिक्षा. त्यांपैकी पहिले पाच शब्द उर्दूतही आहेत. पण मराठीच्या घरी आल्यावर त्यांतल्या काहींनी आपला अर्थ थोडा बदलला आहे. तो बदल समजला, म्हणजे नियमही समजेल.

पहिला शब्द हजेरी. याचा अर्थ दोन्ही भाषांत एकच आहे. आपल्या देशात २००९ मध्ये बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी तो आहे. या कायद्यानुसार पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीचे वर्ग किमान २२० दिवस चालले पाहिजेत. एवढे दिवस का लागतात? कारण शिकणे हे भिंत बांधण्यासारखे असते. सोमवारी हातच्याची बेरीज शिकवली आणि मूल त्या दिवशी घरी राहिले, तर मंगळवारचे गणित त्याला अवघड जाते. एक वीट राहून गेली की वरची वीट डळमळते. म्हणून रोज यावे.

पण याच कायद्यात शिक्षकांची कर्तव्येही लिहिलेली आहेत आणि त्यांत सर्वांत पहिले कर्तव्य आहे : शिक्षकाने शाळेत नियमितपणे व वेळेवर यावे. पालकांना वेळोवेळी भेटून मुलाची हजेरी व प्रगती त्यांना सांगावी, हेही त्याचे कर्तव्य आहे. म्हणजे हजेरीचा नियम एकट्या मुलाला नाही. तो समोर उभ्या असलेल्या शिक्षकालाही आहे.

आता दुसऱ्या शब्दाकडे जाण्यापूर्वी मी तुम्हाला माझी एक चूक सांगतो.

मी बी.एड. होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. शाळा यंत्रमागाच्या गावात होती. रात्रंदिवस मागांचा खडखडाट चाले. माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. शाळा सकाळी साडेसातला भरे. वर्षाच्या पहिल्याच दिवशी मी नियम केला, "प्रार्थनेनंतर येणारा मुलगा पहिला तास दाराबाहेर उभा राहील." मी कधी छडी हातात घेतली नाही, त्यामुळे आपण फार चांगले शिक्षक आहोत असे मला वाटे.

वर्गात एक शांत मुलगा होता. तो वरचेवर उशिरा येई. मी हजेरीपटात त्याच्या नावापुढे लाल खूण करी आणि दाराकडे बोट दाखवी. तो मुकाट्याने बाहेर उभा राही. असे दीड महिना चालले. मग एके दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो.

घरात त्याची आई होती. वडील रात्रपाळी करून झोपले होते. ती म्हणाली, "सर, आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येते, तेही सकाळी. मला कांड्या भरायला जावे लागते. पाण्याच्या रांगेत तोच उभा राहतो. चार हंडे भरले की पळत शाळेत येतो." मी विचारले, "मग आता तो कुठे आहे?" ती खाली पाहून म्हणाली, "कारखान्यात. तो म्हणाला, अम्मी, उभेच राहायचे तर कारखान्यात उभा राहीन. तिथे निदान पैसे तरी मिळतील."

त्या रात्री मी हजेरीपट उघडून बसलो. एका आठवड्यात सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी लाल खुणा होत्या. पुढच्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी. बरोबर एक दिवसाआड! त्या खुणा मीच केल्या होत्या. पण मी त्या वाचल्या नव्हत्या. मी उशीर मोजला, पण उशिराचे कारण विचारले नाही. माझ्या नियमाने तो मुलगा वेळेवर आला नाही. उलट तो शाळेतूनच गेला.

मी पुन्हा त्याच्या घरी गेलो, कारखान्याच्या मालकाला भेटलो, मुलाची माफी मागितली. तो परत आला, पण त्यासाठी आणखी अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत वर्गात अपूर्णांक शिकवून झाले होते. ते मी त्याला मधल्या सुट्टीत शिकवले.

म्हणून आपला दुसरा शब्द आहे खुलासा. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश. मराठीत खुलासा म्हणजे घडलेल्या गोष्टीचे कारण स्पष्ट करून सांगणे. त्या वर्षापासून माझ्या वर्गाचा नियम असा आहे : उशीर झालेल्या मुलाने आवाज न करता आत यावे, जागेवर बसावे, आणि मधल्या सुट्टीत खुलासा करावा. आधी खुलासा, मग निर्णय. काही मुले आळसाने उशिरा येतात, हे खरे आहे. त्यांना समज द्यावीच लागते. पण आळस कोणता आणि अडचण कोणती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. कधी कधी अडचण वेळापत्रकातच असते. मुलांची झोप पुरी होत नाही, हे लक्षात घेऊन महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत असे ठरवले. कारण कळले, तेव्हा नियम बदलला.

तिसरा शब्द रजा. उर्दूत ‘रज़ा’ म्हणजे मर्जी किंवा संमती. मराठीत रजा म्हणजे संमती घेऊन काढलेली सुट्टी. न सांगता घरी राहिले तर ती रजा नव्हे, ती गैरहजेरी. ताप, गोवर किंवा डोळे आलेले असताना मुलाला शाळेत पाठवू नये. त्याला विश्रांती मिळते आणि शेजारी बसणारी मुलेही आजारातून वाचतात. पण दोन ओळींची चिठ्ठी जरूर पाठवावी. आईवडिलांना लिहिता येत नसेल, तर ती चिठ्ठी तुम्ही लिहावी. मराठी शिकल्याचा हा पहिला उपयोग.

काही मुलांची गैरहजेरी मात्र चिठ्ठीने भरून निघत नाही. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडणीसाठी अनेक कुटुंबे महिनोन्‌महिने बाहेर जातात आणि मुलांनाही बरोबर नेतात. कायदा सांगतो की मूल वर्षाच्या मध्येच आले तरी त्याला प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणूनही त्याला परत पाठवता येत नाही. तेव्हा वर्गात असे नवे मूल आले, तर त्याला ‘उशिरा आलेला’ म्हणू नये. तो लांबून आलेला असतो.

चौथा शब्द दप्तर. हा बदल तुम्हाला गमतीचा वाटेल. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. कचेरीतल्या कागदपत्रांनाही मराठीत दप्तर म्हणतात, आणि मुलांच्या पाठीवरच्या पिशवीलाही दप्तरच म्हणतात. जणू प्रत्येक मूल आपली कचेरी पाठीवर घेऊन चालते! पण ही कचेरी जड नसावी. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे. मूल २० किलोचे असेल, तर दप्तर २ किलोपर्यंत असावे. मुलाने रात्री वेळापत्रक पाहून तेवढीच पुस्तके भरावीत, हे त्याचे काम. कोणते पुस्तक कोणत्या दिवशी लागेल ते आधी सांगणे, हे शिक्षकाचे काम. घरच्या तराजूवर धाकट्या भावाचे दप्तर एकदा तोलून पाहणे, हे तुमचे काम.

पाचवा शब्द तक्रार. उर्दूत तकरार म्हणजे वादविवाद, भांडण. मराठीत तक्रार म्हणजे भांडण नव्हे. आपल्यावर झालेला अन्याय, तो दूर करू शकणाऱ्या माणसाला सांगणे म्हणजे तक्रार. हा फरक लक्षात ठेवा. लहान मुले पुष्कळदा तक्रार करायला घाबरतात. आपण भांडखोर ठरू, असे त्यांना वाटते. कुणी मारले, चिडवले, डबा हिसकावला किंवा नकोसा स्पर्श केला, तर मुलाने आधी वर्गशिक्षकांना सांगावे. शिक्षकांविषयीच तक्रार असेल, तर मुख्याध्यापकांना सांगावे. सरकारी व नगरपालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. तुमची अम्मीसुद्धा तिची सदस्य होऊ शकते. शिवाय संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो धाकट्यांकडून पाठ करून घ्या.

सहावा आणि शेवटचा शब्द शिक्षा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, सजा. हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर ठेवलेले बरे. फार वर्षे आपल्याकडे छडीशिवाय विद्या येत नाही असे मानत. २००९ च्या कायद्याने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, या दोन्ही गोष्टींना मनाई केली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. पण छडीचे दुखणे शाळा पाहून कमीजास्त होत नाही. आणि मानसिक छळ म्हणजे काय, हे मी दाराबाहेर उभ्या केलेल्या त्या मुलाकडून शिकलो. मी त्याला हात लावला नव्हता, तरी त्याला लागले होते.

मग चुकीवर उपाय काय? चूक ज्याने केली, त्यानेच ती सुधारावी. भिंतीवर रेघोट्या ओढल्या, तर त्या पुसाव्यात. गृहपाठ राहिला, तर मधल्या सुट्टीनंतरच्या रिकाम्या तासाला तो पूर्ण करावा. कुणाला वाईट बोलले, तर त्याच्याजवळ जाऊन माफी मागावी. मात्र खेळाचा तास काढून घेऊ नये आणि पोषण आहाराच्या पंगतीतून कुणालाही उठवू नये. भूक आणि खेळ या बक्षिसाच्या वस्तू नाहीत.

आता दरवर्षी जूनमध्ये पहिल्या आठवड्यात मी वर्गाबरोबर नियम लिहायला बसतो. फळ्याचे दोन भाग करतो. एका बाजूला मुलांनी काय करायचे, दुसऱ्या बाजूला शिक्षकाने काय करायचे. प्रत्येक नियमापुढे ‘कारण’ असा रकाना असतो. ज्या नियमाचे कारण आम्हाला सांगता येत नाही, तो आम्ही पुसून टाकतो. उरलेले नियम मोठ्या कागदावर लिहून खाली सगळे सह्या करतात. ज्यांना सही येत नाही, ते नाव लिहितात. मीही सही करतो.

शेवटचा नियम मी मुलांनाच सुचवायला सांगतो. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, लिहा : उशिरा आलेल्याला बसायला जागा करून द्यावी." मी कारणाच्या रकान्यात काय लिहू, असे तिला विचारले. ती म्हणाली, "म्हणजे तो उद्याही येईल."

मित्रांनो, यंदा धाकट्यांना शाळेत सोडायला जाल, तेव्हा त्यांच्या वर्गाचे नियम वाचा आणि प्रत्येक नियमाचे कारण त्यांना समजावून सांगा. एखाद्याचे कारण तुम्हालाही सापडले नाही, तर त्यांच्या शिक्षकांना नम्रपणे विचारा. चांगल्या शिक्षकाला असा प्रश्न आवडतो.

स्वाध्याय

१. शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या उशिराचे कारण हजेरीपटावरून कसे कळले असते?
२. ‘खुलासा’, ‘रजा’ आणि ‘तक्रार’ या शब्दांचे उर्दू व मराठी अर्थ सांगा आणि मराठीत एकेक वाक्य तयार करा.
३. ‘तो लांबून आलेला असतो’ असे लेखक कोणत्या मुलाविषयी म्हणतात? का?
४. धाकट्या बहिणीला ताप आला आहे. तिच्या वर्गशिक्षकांना दोन ओळींची रजेची चिठ्ठी लिहा.
५. तुमच्या वर्गासाठी पाच नियम लिहा : तीन विद्यार्थ्यांसाठी, दोन शिक्षकांसाठी. प्रत्येकाचे कारण द्या.