अर्धा कानोला, अर्धा रोडगा

नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, तळायचं नाही. म्हणून वऱ्हाडातल्या अनेक घरांत त्या दिवशी कानोले उकडतात. गंजात पाणी, गंजाच्या तोंडाला बांधलेलं ओलं फडकं, त्यावर पुरण भरलेले कणकेचे कानोले आणि वरून झाकण. याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात, डिसेंबर-जानेवारीत बहिरमची यात्रा भरते आणि तिथं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले जातात. कानोल्याला एक डागही पडत नाही, रोडग्याचं कवच मात्र खरपूस, जागोजागी करपलेलं. पीठ दोन्हीकडे गव्हाचंच. फरक पडतो तो भोवती पाणी असण्या-नसण्यानं. जपानी ग्योझा ही दोन्ही कामं एकाच तव्यावर, पाठोपाठ उरकतो.

अमरावती-अकोल्यात मोमो आता कुणाला नवा नाही. ग्योझा त्याचा भाऊबंद, पण आवरण पातळ, सारण बारीक, आणि खालची बाजू तांबूस, कुरकुरीत. मूळ चीनचं. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या जपानी सैनिकांनी आणि रहिवाशांनी तो आपल्या देशात रुजवला. आज उत्सुनोमिया आणि हामामात्सु या दोन शहरांत ग्योझावर जास्त खर्च कोण करतं याची वर्षानुवर्षं चुरस चालते, अलीकडे मियाझाकीही त्यात उतरलं आहे. उत्सुनोमियाच्या रेल्वे स्टेशनाबाहेर तर ग्योझाचा दगडी पुतळा आहे. वडापावचा पुतळा उभारायचं आपल्याकडे अजून कुणाला सुचलेलं दिसत नाही!

आवरणापासून सुरुवात करू. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं जाळं विणतात. थंड पाण्यानं भिजवलेला गोळा या जाळ्यामुळे लाटताना परत आक्रसतो. जपानी घरांत म्हणून बरेचदा उकळतं पाणी वापरतात. त्या उष्णतेनं प्रथिनांची ताकद काहीशी मोडते, स्टार्चचे काही कण फुगून पाणी धरून ठेवतात आणि पारी मऊ, लाटायला सोपी होते. ज्वारीच्या भाकरीसाठी पीठ गरम पाण्यात उकडून घेणाऱ्या बाईला हे शिकवायला नको. ज्वारीत ग्लुटेन नसतंच, तिथं सगळी मदार या फुगलेल्या स्टार्चच्या चिकटपणावर असते. अर्थात तेवढ्या जोरावर ग्योझाची पातळ, मुरड घातलेली पारी टिकत नाही. नुसत्या कणकेतही कोंड्याचे कण ग्लुटेनचे धागे कापत राहतात. बारीक चाळलेली कणीक आणि मैदा निम्मा-निम्मा घ्यावा, मीठ चिमूटभर. गोळा अर्धा तास झाकून ठेवावा, म्हणजे ताणलेलं जाळं सैल पडतं. एप्रिल-मेच्या वऱ्हाडी उन्हाळ्यात मात्र गोळ्यावर आणि लाटलेल्या पाऱ्यांवर ओलं फडकं हवंच. वाळलेली कड चिकटत नाही, आणि न चिकटलेला ग्योझा तव्यावर हमखास उघडतो.

सारणात पत्ताकोबी, पातीचा कांदा, अद्रक, लसूण. जपानमध्ये सोबत डुकराचा खिमा असतो. आपल्याकडे कोंबडीचा चालेल, किंवा सोयावडीचा चुरा. सोयाबीन तर आपल्याच शेतातलं, आणि तेल काढून उरलेल्या पिठाच्या या वड्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. पत्ताकोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ती बारीक चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेवली की पेशींतलं पाणी मिठाकडे ओढलं जाऊन बाहेर येतं, ते घट्ट पिळून टाकायचं. हा टप्पा गाळला तर तेच पाणी पुढे पारीत झिरपतं आणि उचलताना तळ फाटतो. सांबार घालावासा वाटला तर घाला, जपानी माणूस काही बघायला येत नाही.

मुरड करंजीसारखीच, पण फक्त एका बाजूच्या पारीला घालायची. एक बाजू आखूड होते, ग्योझा चंद्रकोरीसारखा वळतो आणि त्याला सपाट बूड मिळतं. कुरकुरीत व्हायचंय ते हे बूडच.

आता तवा. जाड बुडाचा पसरट तवा किंवा पॅन, दोन चमचे तेल, सोयाबीनचं किंवा सरकीचं. जवसाचं तेल इथं नको. त्यातली मेदाम्लं हवेत आणि उष्णतेत भराभर बदलून एकमेकांना चिकटतात, चव बिघडते. याच गुणामुळे नव्या लोखंडी तव्यावर थर बसवायला मात्र ते उपयोगी पडतं. ग्योझा बुडावर उभे करून मिनिटभर परतायचे, मग अर्धी वाटी, म्हणजे 100 मिलिलिटरच्या आसपास पाणी ओतून लगेच झाकण ठेवायचं. झाकण आधीपासून हातात हवं. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं आणि तिथं क्षणात वाफ होतं. वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती वर येताना तेल उडवत येते.

पुढची चार-पाच मिनिटं गॅस कितीही मोठा केलात तरी तव्यातल्या पाण्याचं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. 30 अंशांचं 100 मिलिलिटर पाणी उकळीला आणायला सुमारे 29 किलोज्यूल लागतात, आणि तेच पाणी पूर्ण उडवायला आणखी सुमारे 226. बर्नरमधून एक किलोवॅट उष्णता तव्यात पोचत असेल तर या सगळ्याला सव्वाचार मिनिटं लागतील. झाकणाला लागून थेंब परत खाली पडतात, त्यामुळे थोडी जास्तच. वाफेचं ग्योझाच्या पारीवर पाणी होतं तेव्हा घेतलेली उष्णता ती परत देते. गव्हाचा स्टार्च 60 अंशांच्या आसपास फुगायला लागतो, त्यामुळे पारी शिजून अर्धपारदर्शक होते, सारणही शिजतं. इथवर हा कानोलाच आहे.

मग आवाज बदलतो. खदखद ओसरते, चर्रचर्र बारीक होत जाते आणि सुकी तडतड सुरू होते. पाणी संपलं. आता तव्याला अडवणारं काही नाही, बुडाचं तापमान झपाट्यानं चढतं आणि 140 अंशांच्या पुढे पिठातली प्रथिनं आणि साखरा यांची अभिक्रिया वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. रोडग्याचा रंग आणि वास तिचाच. झाकण काढा, कडेनं चमचाभर तेल सोडा, दोन मिनिटं थांबा. घाई करून सराटा घातला तर बूड तव्यालाच राहतं. कवच पुरतं वाळलं की ते बरंचसं आपोआप सुटतं. वर घातलेल्या पाण्यात चमचाभर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर कालवलं असेल तर पाणी उडाल्यावर स्टार्चचा पातळ पापुद्रा उरतो आणि सगळे ग्योझा जाळीदार कुरकुरीत पापडानं जोडले जातात.

समुद्रसपाटीपासून साधारण 280 मीटरवरच्या अकोल्यात पाणी 99 अंशांना उकळतं, अकराशे मीटरवरच्या चिखलदऱ्याला 96 च्या जवळपास. तिथं पाणी थोडं जास्त घाला आणि झाकण एक-दोन मिनिटं अधिक ठेवा. खरपूस होण्याला उंचीनं फरक पडत नाही, कारण तोवर पाणी उडालेलं असतं. सारणात कोंबडीचा खिमा असेल तर तो आतून 74 अंशांपर्यंत तापायला हवा. थर्मामीटर नसेल तर वाढण्याआधी मधला एक फोडून बघा, आत गुलाबी दिसलं तर आणखी दोन चमचे पाणी घालून झाकण परत ठेवा.