वास्तुविद्येच्या वर्गात गवंड्याला जागा हवी

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे आपल्याच घराच्या भिंतींखाली मेली. या भिंतींची रचना पाहा. बाहेरच्या बाजूस दगडाचा एक थर, आतल्या बाजूस दुसरा, आणि मधल्या पोकळीत गोटे व चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक घरांत घातलेलाच नव्हता. वर माळवदाच्या मातीचे प्रचंड ओझे. धक्का बसताच भिंत उभी फाकली. मात्र ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर तोललेला होता, त्यांपैकी काहींचे सांगाडे भिंती ढासळल्यावरही उभे होते.

आता मी विचारतो, ही भिंत कोणत्या विषयाच्या तासाला शिकवावी? तिच्यात भूगर्भशास्त्र आहे, पदार्थांचे बळ आहे, गवंड्याच्या हाताची सवय आहे आणि लांब दगड घडवून घेण्यास लागणाऱ्या पैशाचा हिशेबही आहे. विषयांच्या भिंती आपण वेगवेगळ्या बांधल्या. घराची भिंत तसे काही जाणत नाही.

आपल्याकडे या शिक्षणाचा आरंभ मुंबईच्या सर जमशेदजी जीजीभाई कलाशाळेत झाला. ही शाळा 1857 ची. तेथे 1865 मध्ये लॉकवुड किपलिंग शिल्पकाम शिकवावयास आले. 1878 ते 1888 या काळात उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, नक्षीकामाला या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. शिक्षण आणि काम तेव्हा एकाच पाडावर उभे होते. पुढे 1896 मध्ये तेथे वास्तुविद्येचा वर्ग निघाला, पण तो आरेखकांचा! कचेऱ्यांना नकाशे काढणारी माणसे हवी होती. मूळच असे कागदी असल्यावर फळ कागदी निघाले तर नवल ते काय? तरीही क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांना जुन्या वास्तूंपाशी नेऊन त्यांची मोजमापे घ्यावयास लावली, ही गोष्ट मोठी मानली पाहिजे. दगडाला टेप लावल्यावाचून त्याची जाडी कळत नाही.

जर्मनीत 1919 मध्ये वाल्टर ग्रोपिअस यांनी बाउहाउस ही शाळा काढली. तेथे आरंभी प्रत्येक कर्मशाळेला दोन गुरू असत, एक कलावंत आणि एक कसबी कारागीर. आपल्याकडे 1972 चा वास्तुविशारद कायदा आला, पाच वर्षांचा अभ्यासक्रम ठरला, त्यात एक सत्र प्रत्यक्ष अनुभवाचेही आहे. पण ते पुष्कळदा कचेरीत संगणकापुढे सरते. कागद गेला आणि पडदा आला, एवढाच फरक.

आपल्या गोंदियाकडे वळू. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. कोहळी समाजाने या मुलखात जे तलाव बांधले, त्यांत जमिनीचा उतार, मातीची जात, पाण्याचा दाब आणि धानाची गरज यांचा विचार एकत्रच झाला होता. आज आपण कवेलूचे छप्पर उतरवून स्लॅब टाकतो आणि मे महिन्यात त्याच स्लॅबखाली भाजून निघतो. स्लॅब वाईट नव्हे. वानरे कवेलू फोडतात आणि दर पावसाळ्याआधी ते फेरावे लागतात, ही कटकट ज्याची त्याला ठाऊक. परंतु उष्णता अडवणारा आणि गरिबाला परवडणारा तिसरा मार्ग शोधावयाचा कोणी? कवेलू फेरणारा, बांबूचे काम करणारा बुरूड आणि उष्णतेचे गणित जाणणारा विद्यार्थी एके ठिकाणी बसल्याशिवाय तो सापडावयाचा नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याने ओळंबा धरून पुरुषभर उंचीची एक भिंत स्वतः बांधावी, आणि एक पावसाळा गेल्यावर तिचे काय झाले ते पाहून लिहावे. शिकवणारा मिस्त्री असावा, आणि त्याला रोजंदारी नव्हे, अध्यापकाचे मानधन मिळावे. त्याच्याजवळ पदवी नाही ही सबब ऐकू नये. घमेले डोक्यावर घेऊन शिडी चढणाऱ्या रेजाचेही ऐकावे. पायरी किती उंच असावी आणि कठडा कोठे हवा, हे तिच्या गुडघ्यांना ठाऊक असते. पाडावरून पडून माणूस मरतो, तेव्हा नकाशात तो पाड कोठेच काढलेला नसतो.