हवेचा कॉम्प्रेसर घेताय? आधी टायरवरचा नंबर वाचा



गळीत हंगाम जवळ आला की ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. गाडीत ठेवायचा हवेचा पंप ट्रॅक्टरला चालतो का? मोबाईलवर जाहिरात येते, पंप हातात मावतो, पडद्यावर 150 पौंड लिहून येतं आणि वाटतं, काम झालं. उत्तर हो पण आहे आणि नाही पण. तुमच्याकडं कोणता टायर आहे त्यावर ते ठरतं. म्हणून आजचा मेसेज जरा लांब आहे. चहा घेत वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे पौंड आणि लिटर यातला फरक. पौंड म्हणजे पीएसआय, हवेचा दाब. लिटर म्हणजे पंप एका मिनिटात किती हवा देतो. जाहिरातीत पौंड मोठ्या अक्षरात असतात आणि लिटर कोपऱ्यात. आपल्याला उलट वाचायचं आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला दाब फार कमी लागतो, पण हवा भरपूर लागते. ट्रॉलीच्या टायरला दोन्ही लागतं.

हिशोब सोपा आहे. टायरमध्ये जितकी लिटर जागा, त्याला वाढवायच्या पौंडांनी गुणा आणि 15 ने भागा. तेवढी लिटर हवा पंपाला द्यावी लागते. 13.6-28 या मागच्या टायरमध्ये साधारण 200 लिटर जागा असते. 12 पौंडांवरून 20 वर न्यायचं तर 200 गुणिले 8 भागिले 15, म्हणजे 107 लिटरच्या आसपास. 35 लिटरचा म्हणून विकला जाणारा छोटा 12 व्होल्टचा पंप हे काम पाचेक मिनिटात करतो. दोन्ही टायर दहा मिनिटात होतात, हरकत नाही. पण पंक्चर काढून ट्यूब रिकामी असेल तर आधी ती फुलवायलाच 200 लिटर जातात, दाबाची हवा त्यावर वेगळी. तिथं हा पंप मध्ये थांबवून गार करावा लागतो. नाही केला तर सील जातं.

आता ट्रॉली घ्या. 9.00-20 च्या टायरमध्ये जागा साधारण 90 लिटर, पण दाब 80 ते 100 पौंडांच्या घरात. नेमका आकडा टायरच्या भिंतीवर लिहिलेला असतो, तोच खरा धरायचा. 20 वरून 90 वर न्यायचं म्हणजे 420 लिटर हवा. आणि इथंच फसगत होते. पंपावर लिहिलेले 35 लिटर हे समोर काही दाब नसतानाचे असतात. दाब चढत गेला की हवा निम्म्यावर येते, त्याहूनही खाली जाते. एका टायरला अर्धा तास. खोक्यावर मात्र बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सलग 10-15 मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. ट्रॉलीला चार चाकं. ऊस भरून ट्रॉली फडात उभी आहे, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागायचा आहे, आणि हातात तापलेला खेळण्यातला पंप. त्यामुळं वाळवा, कराड, पलूसकडच्या ऊस वाहतूक करणाऱ्या सभासदांनी छोट्या पंपाच्या नादी लागू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजच्या द्राक्षवाल्यांचं गणित एकदम वेगळं. बागेतल्या मिनी ट्रॅक्टरचे टायर लहान, जागा कमी, दाबही बेताचा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीची फवारणी थांबवून चालत नाही. तेवढ्यात पहाटे ब्लोअर जोडायला जावं तर चाक बसलेलं. काटा लागलेला असो वा व्हॉल्व्हमधून हवा जात असो, चाक पंक्चरवाल्याकडं न्यायचं आणि त्याचं दुकान उघडायची वाट बघायची म्हणजे फवारणीची वेळ गेली. अशा ठिकाणी 12 व्होल्टचा चांगला पंप बागेच्या खोपटात हवाच. तो एका वेळेलाच वसूल होतो. जत, आटपाडी, माण, खटावात वेड्या बाभळीचे आणि बोरीचे काटे, आणि पंक्चरचं दुकान लांब. तिथंही हेच लागू.

12 व्होल्टचे पंप दोन प्रकारचे येतात. एक गाडीच्या लायटरच्या सॉकेटला लावायचा. तो 10-15 अँपिअरच्या आतला असतो, कारण सॉकेटचा फ्यूज तेवढाच असतो. दुसरा दोन सिलिंडरचा, थेट बॅटरीला चिमटे लावायचा. तो 30 अँपिअर आणि त्याहून जास्त ओढतो, पण हवाही दुप्पट-तिप्पट देतो. ट्रॅक्टर असेल तर चिमट्यांचाच घ्या. बऱ्याच ट्रॅक्टरला लायटरचं सॉकेट नसतंच. पंप चालू असताना इंजिन चालू ठेवा, ट्रॅक्टर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. नाहीतर हवा भरून होते आणि स्टार्टर फिरत नाही.

बॅटरीपासून मागचं चाक लांब असतं. त्यासाठी वायर जोडून लांब करू नका. बारीक वायर लांब केली की व्होल्टेज पडतं, मोटर तापते, हवा कमी येते. वायर आखूड ठेवा आणि हवेची नळी लांब घ्या. पाच-सात मीटरची नळी असेल तर मागच्या चाकापर्यंत आरामात पोचते.

आत बॅटरी असलेला, चार्ज करायचा पंप मोटरसायकल आणि जीपला छान आहे. पाटण, जावळीच्या घाटवाटांवर पिकअप चालवणाऱ्यांनी जरूर ठेवावा. ट्रॅक्टरच्या रिकाम्या टायरपुढं मात्र त्याची बॅटरी अर्ध्यात मान टाकते.

ट्रॉलीवाल्यांना टाकीचा कॉम्प्रेसर लागतो. सिंगल फेजवर चालणारा 1 ते 2 एचपीचा, चाकं आणि हँडल असलेला येतो. 30 लिटरची टाकी 115 पौंडांवर भरली आणि 35 पर्यंत उतरवली तर सुमारे 160 लिटर हवा हातात येते. म्हणजे टाकी ही फक्त शिल्लक आहे, खरी कमाई पंपाची. दुकानदार टाकीचा आकार दाखवेल, तुम्ही त्याला मिनिटाला प्रत्यक्ष किती हवा देतो ते विचारा. तो सीएफएममध्ये सांगेल. एक सीएफएम म्हणजे 28 लिटर. त्यातही ‘डिस्प्लेसमेंट’ लिहिलं असेल तर तो पिस्टनचा कागदावरचा हिशोब असतो, त्यातली साधारण दोन तृतीयांश हवा बाहेर येते असं धरा. ‘फ्री एअर डिलिव्हरी’ लिहिलेला आकडा कामाचा.

विजेचं तुम्हाला मी काय सांगू. शेतीपंपाची लाईन पाळीनं येते आणि संध्याकाळी गावठाणात व्होल्टेज पडतं. कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसरची मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि तशीच ठेवली तर जळते. घरी ठेवायचा असेल तर सकाळी टाकी भरून ठेवा. चार-पाच ट्रॉलीवाले एकत्र असाल तर पेट्रोल इंजिनवर चालणारा एकच मोठा घेतलेला परवडतो. तो फडावरही नेता येतो. हंगामात तो कुणाकडं राहणार, तेल कोण बघणार, हे आधी ठरवा. नाहीतर कॉम्प्रेसर राहतो बाजूला आणि भाऊबंदकी सुरू होते.

आता जीवावरची गोष्ट. 9.00-20 च्या बऱ्याच चाकांना रिंग आणि लॉक असतं. पंक्चर काढून हवा मारताना ती रिंग नीट बसली नसेल तर सुटून तोफेच्या गोळ्यासारखी उडते. अशा अपघातात माणसं जागेवर गेलेली आहेत. म्हणून रिंगचं चाक उघडून बसवायचं काम घरी करायचंच नाही, पिंजरा किंवा साखळदंड असलेल्या दुकानातच करायचं. बसवलेल्या चाकात नुसती हवा वाढवतानाही रिंगच्या समोर बसायचं नाही. टायरच्या नक्षीच्या बाजूला, लांब नळी धरून उभं राहायचं. पोरांना जवळ थांबू द्यायचं नाही. पूर्ण बसलेल्या अवस्थेत भरली ट्रॉली ओढली गेली असेल, तर त्या चाकात पुन्हा हवा न भरता आधी ते उघडून तपासून घ्या. आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं अंगावरची धूळ उडवायची सवय असेल तर ती आजपासून बंद. ती हवा कातडीत, डोळ्यात, कानात शिरते.

मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलंय का? मग वरचा हिशोब बदलतो. 200 लिटरच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी असेल तर हवेला जागा राहते 50 लिटर. 8 पौंड वाढवायला 27 लिटर हवा पुरते, म्हणजे मिनिटाभराचं काम. लक्ष नसेल तर दाब भलताच वर जातो. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला येईल असं चाक फिरवून घ्या, म्हणजे गेजमध्ये आणि पंपात पाणी येणार नाही.

गेज मात्र वेगळा घ्याच. 150 पौंडांच्या तबकडीवर 12 आणि 16 मधला फरक डोळ्याला दिसत नाही. मागच्या टायरसाठी 30 किंवा 60 पौंडांपर्यंतचा छोटा गेज बघा. हवा चालू असताना पंपावरचा काटा जास्त दाखवतो. पंप बंद करून मग मोजा, तेही सकाळी, टायर गार असताना.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचाराल. पंक्चर हे एक कारण झालं. माझ्या दृष्टीनं मोठं कारण जमिनीचं आहे. टायर जमिनीवर जो भार टाकतो तो ढोबळमानानं आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत ओल असताना 20 पौंडांची चाकं फिरली की खाली तवा बसतो. मग खोडव्याच्या मुळ्या वरच राहतात, पाणी साचतं आणि आपण खताचा डोस वाढवत बसतो. शेतात मागच्या टायरला साधारण 12 ते 14 आणि रस्त्यावर भरली ट्रॉली ओढताना 18 ते 20, असा फरक ठेवता येतो. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत तक्ता असतो, त्याच्या खाली जाऊ नका. फार कमी हवेवर जोर लावला तर टायर रिंगवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. डोंगरउतारावर नांगरताना तर हवा कमी करूच नका, टायर एका बाजूला कलतो. हवा सोडायला काही लागत नाही. परत भरायची सोय नसते, म्हणून कुणी सोडत नाही. पंप हाताशी असला की ही अडचण उरत नाही.

टाकीच्या कॉम्प्रेसरचं पाणी रोज संध्याकाळी खालचा नळ सोडून काढा, नाहीतर टाकी आतून गंजते. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी आठवड्यातून एकदा ओढून बघा. हवेचा फिल्टर धुळीनं भरतो, फडावर तर चार दिवसात. छोटा पंप औषधांच्या डब्यांशेजारी ठेवू नका, रबर खराब होतं.

खरेदीला सांगली किंवा कराडला जाणार असाल तर आधी टायरच्या भिंतीवरच्या नंबरचा फोटो काढा. पुढचा, मागचा आणि ट्रॉलीचा, तिन्ही. याच नंबरवर पाठवलात तर किती लिटरचा पंप लागेल ते मी हिशोब करून कळवतो. टायरमध्ये पाणी भरलंय की नाही, तेही लिहा.

— तुमचा कृषी सल्लागार