ग्रीनहाऊस की हिरवं घर? इंग्रजी जोडशब्दांतला आघात

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला 'ग्रीनहाऊस' हा शब्द नवा नाही. पण इंग्रजीत तो म्हणताना जोर कुठे द्यायचा, असं विचारलं की आपण अडखळतो. आज तेवढंच बघू.

आधी सिलॅबल. सिलॅबल म्हणजे लिहिलेलं अक्षर नव्हे, तर एका स्वराभोवती जमलेला उच्चाराचा तुकडा. 'नारायणगाव' लिहिताना अक्षरं सहा, बोलताना तुकडे चारच : ना-रा-यण-गाव. 'आंबेगाव'ची अक्षरं चार, तुकडे तीन. इंग्रजीतही स्वर मोजायचे. 'हाऊस'चे आपण 'हा-ऊस' असे दोन तुकडे करतो. इंग्रजीत तिथे एकच जोडस्वर, म्हणून तुकडाही एकच. जोडशब्द आधी दोन पदांच्या सांध्यावर सोडवायचा, मग एकेका पदाचे तुकडे पाडायचे. 'ग्रीनहाऊस'चे झाले दोन.

आता आघात. 'ग्रीन'वर जोर दिला तर रोपं वाढवायची जागा. 'हाऊस'वर दिला तर हिरव्या रंगाचं घर. जोडनामात मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर असतो. पहिल्या पदावर म्हणजे पहिल्या सिलॅबलवरच, असं मात्र नाही. नारायणगावचं टोमॅटो मार्केट घ्या. 'टोमॅटो'मध्ये आघात मधल्या तुकड्यावर. जोडशब्दातही तो तिथेच राहतो. अपवाद आहेतच : 'ॲपल पाय', 'ओल्ड-फॅशन्ड' यांत जोर दुसऱ्या पदावर जातो. शंका आली की शब्दकोश उघडा. आघाताच्या सिलॅबलआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते.

हे केवळ इंग्रजांचं खूळ, असं आम्हाला वाटत नाही. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच 'इन्द्रशत्रु'चा दाखला दिला आहे. इंद्राला मारणारा पुत्र हवा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. मंत्रात स्वर शेवटी हवा होता, तो पहिल्या पदावर पडला. तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, अर्थ झाला 'इंद्र ज्याला मारणारा आहे तो', आणि वृत्र मारला गेला. वैदिक स्वर म्हणजे आवाजाची उंची, इंग्रजी आघातासारखा जोर नव्हे. पण मुद्दा तोच. समासाचा अर्थ नुसत्या पदांत नसतो, उच्चारातही असतो.

मराठी माध्यमातली आपली मुलं 'उच्चार साहेबासारखा नाही' म्हणून गप्प बसतात. साहेबासारखं बोलायची गरजच नाही. बोली आपली राहू दे. आघात तेवढा जागेवर ठेवा, म्हणजे ऐकणाऱ्याला अर्थ पोचतो.

घरी जाऊन 'व्हाइट हाऊस' दोन्ही तऱ्हांनी मोठ्याने म्हणा. अमेरिकेच्या अध्यक्षांचं कोणतं आणि शेजाऱ्याचं चुना लावलेलं कोणतं, ते कानच सांगेल.