न्हावा शेवा ते रॉटरडॅम: विमानाला फक्त ९ तास, मग नाशिकची द्राक्षं जहाजानेच का जातात?

जानेवारी ते एप्रिल या हंगामात नाशिकची द्राक्षं रीफर, म्हणजे वातानुकूलित कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरात येतात. तिथून ती नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला रवाना होतात. मुंबईहून नेदरलँड्सला विमान साधारण ९ तासांत पोहोचतं. जहाजाला मात्र तीन आठवड्यांच्या आसपास, कधी त्याहूनही बराच जास्त वेळ लागतो. असं का?

सरळ अंतर किती?

मुंबई ते अॅमस्टरडॅम हवाई अंतर सुमारे ६,९०० किलोमीटर आहे. रॉटरडॅम तिथून रस्त्याने तासाभरावर. हे अंतर पृथ्वीच्या गोलावर मोजलेलं असतं. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तोच सर्वांत जवळचा मार्ग. सपाट नकाशावर मात्र तो वाकडा दिसतो.

मग वेळ ९ तास कसा?

प्रवासी विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या हिशेबाने पावणेआठ तास पुरायला हवेत. पण टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी वेग कमी असतो. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. युरोपला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून येतानाचा प्रवास बहुतेकदा लवकर संपतो.

हवाई हद्दीचाही फरक पडतो. पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हद्द बंद केल्यावर उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला.

जहाजाचा रस्ता किती लांब?

अरबी समुद्र, लाल समुद्र, सुएझ कालवा आणि भूमध्य समुद्र असा हा मार्ग सुमारे ११,७०० किलोमीटरचा आहे. ताशी २८ किलोमीटर वेगाने न थांबता गेलं तरी १७ दिवस लागतात. वाटेतल्या बंदरांचे थांबे वेगळे.

नोव्हेंबर २०२३पासून हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. त्यामुळे २०२४च्या द्राक्ष हंगामात अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे गेली. हे अंतर जवळपास २०,००० किलोमीटर होतं. म्हणजे त्याच वेगाने सुमारे १२ दिवस जास्त.

याचा फटका कुणाला?

द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवली तरी दिवसागणिक त्यांचा ताजेपणा कमी होतो. देठ सुकतात, मणी गळतात. प्रवासात गेलेला प्रत्येक दिवस दुकानात विक्रीसाठी मिळणाऱ्या दिवसांतून वजा होतो. वर भाडंही वाढतं. दोन्हींचा भार शेवटी बागायतदाराच्या दरावर येतो.

मग विमानाने का पाठवत नाहीत?

कारण भाडं. एका ४० फुटी कंटेनरमध्ये १० टनांहून जास्त द्राक्षं मावतात. विमानाचं भाडं किलोवर आकारलं जातं आणि ते जहाजापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. हापूसला चांगला दर मिळतो आणि तो लवकर पिकतो, म्हणून त्याला विमान परवडू शकतं. द्राक्षांच्या दरात हा खर्च बसत नाही.

डिसेंबर २०२५मध्ये न्हावा शेवापासून जवळच नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. बंदर आणि विमानतळ आता शेजारी आहेत. पण भाड्यातली ही तफावत असेपर्यंत द्राक्षांची वाट समुद्रातूनच जाणार. त्यामुळे लाल समुद्रातल्या बातमीकडे नाशिकच्या बागायतदाराचंही लक्ष असतं.